तेलेफ ओमडालचा रिकामा खांब

सोमवारी सकाळी न्याहारी करून, बुटांचे बंद बांधून दुकान उघडायला निघालेला तेलेफ ओमडाल स्वतःच्याच जिन्यात खाली बसला तो उठलाच नाही. वय त्र्याऐंशी. दुकान जिन्याच्या तळाशीच, म्हणजे माणूस कामावर जाता जाता गेला. असं मरण मिळावं म्हणून लोक आयुष्यभर प्रार्थना करतात. दुपारपर्यंत बातमी हेलेस्विकभर झाली. खरं सांगायचं तर तो कसा गेला हे कुणी फारसं विचारलंच नाही. बेकरीत, मासळीच्या धक्क्यावर, चर्चच्या फाटकापाशी जो तो एकच विचारत होता, की आता त्या खांबाचं काय?

आमच्याकडे कुणी गेलं की अंत्यविधीच्या दिवशी शेजारपाजारचे सगळे झेंडा अर्ध्यावर ठेवतात. सकाळी तो आधी टोकापर्यंत चढवायचा, मग अर्ध्यावर उतरवायचा, आणि माणूस मातीत गेला की पुन्हा टोकाला न्यायचा. यात मेलेल्याची लायकी बघत नाहीत. बायकोला छळणाऱ्यालाही अर्धा झेंडा मिळतो आणि उधारी बुडवणाऱ्यालाही. धक्क्याच्या रस्त्यावर बावीस घरं, बावीस खांब. त्यांतले एकवीस खांब सणावाराला राबतात. बाविसावा तेलेफच्या रंगाच्या दुकानासमोरचा. त्याच्यावर सत्तावन्न वर्षांत चिंधीसुद्धा चढली नव्हती.

गंमत अशी, की गावातला सगळ्यात देखणा खांब तोच. दर वर्षी मे महिना लागला की तेलेफ तो बिजागरीवरून आडवा करायचा, खरवडायचा, भेगांत लांबी भरून गुळगुळीत घासायचा आणि पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यायचा. टोकावरच्या गोळ्याला सोनेरी. मग उभा करायचा आणि दुकानात निघून जायचा. त्याहून मोठी गंमत म्हणजे गावातले बाकीचे एकवीस झेंडे त्यानेच विकलेले. गिऱ्हाईक आलं की खांबाची उंची विचारायचा, तिच्या चौथाईचं माप काढायचा, दोरी तपासायला लावायचा, गाठ शिकवायचा. एका उन्हाळ्यात कुणा पाहुण्याने विचारलं, "आजोबा, वर काही लावत नाही, मग खांब कशाला रंगवता?" तेलेफ म्हणाला, "खांबाची काय चूक?"

तर असा माणूस. ज्या गावातली सगळी घरं पांढरी, त्या गावात त्याने सत्तावन्न वर्षं रंगाचं दुकान चालवलं आणि चालवलं म्हणजे कसं, तर गिऱ्हाइकाला परत पाठवून. "खरवडलंस?" हा त्याचा पहिला प्रश्न. नाही म्हटलं की डबा काउंटरवरून उचलून पुन्हा फळीवर. नवीन आलेल्या पाद्रीबाईंनाही त्याने सोडलं नव्हतं. त्या बिचाऱ्या हसत म्हणाल्या होत्या, "ओमडाल, वरवर तर बरंच दिसतंय की." तेलेफने त्यांच्या हातात खरवडायचा पत्रा ठेवला. "वरवरचं तुमच्याकडे चालत असेल, बाई. माझ्याकडे चालत नाही. आज हे न्या, रंग गुरुवारी." गुरुवारी संध्याकाळी स्वतः जाऊन भिंतीवर हात फिरवून आला. पाद्रीबाईंनी ते मनाला लावून घेतलं नाही. उलट त्या वर्षीपासून दुकानात कॉफीला येऊन बसू लागल्या.

गुन्वोर ही त्याची एकुलती मुलगी. वय पंचावन्न. आई गेल्यावर दुकान तिनेच सांभाळलं, म्हणजे बाप ज्यांना हाकलायचा त्यांना ती मागच्या दाराने परत आणायची. रंगाचं मिश्रण तिच्याइतकं कुणाला जमत नाही, हे बापाने कधी तोंडाने म्हटलं नाही. पण शेवटच्या दहा वर्षांत नमुन्याची पट्टी तिच्या हाती देऊन तो मुकाट बाजूला व्हायचा. आमच्याकडे याहून मोठी शाबासकी देत नाहीत.

आता सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. तिला झोप नव्हती ती याच एका गोष्टीने. अंत्यविधी पुढच्या मंगळवारी ठरला होता. त्या दिवशी झेंडा चढवावा, तर ज्या माणसाने जिवंतपणी तो चढू दिला नाही त्याच्या पाठीमागे त्याचाच शब्द मोडल्यासारखं होणार. न चढवावा, तर तिचा बाप गावाच्या लेखी रुसून बसलेला एक म्हातारा म्हणून मातीत जाणार. आणि तो रुसलेला नव्हता. गुन्वोरला ते पक्कं ठाऊक होतं. रुसलेला माणूस खांब रंगवत नाही.

लहानपणी ती स्वतः सतरा मेच्या, म्हणजे राष्ट्रीय दिनाच्या, मिरवणुकीत मिरवली होती. बापानेच तिच्या हातात कागदी झेंडा दिला होता, वेणीला रिबिनी बांधल्या होत्या आणि "ताठ चाल" म्हणून पाठीवर थाप मारली होती. मग बँड वाजायला लागला की तो होडी सोडून बेटांच्या पलीकडे निघून जायचा, एकटा. संध्याकाळी यायचा तेव्हा होडीत मासा नसायचा. सात वर्षांची असताना तिने एकदा भोकाड पसरलं होतं, की सगळ्यांचे बाबा रस्त्यात असतात, माझेच का नसतात. तो म्हणाला होता, "माझी माणसं तिकडे आहेत, बाळ." आणि समुद्राकडे बोट दाखवलं होतं.

बुधवारी बोर्गनीमावशी केक घेऊन आली. ही शेजारीण, वय अठ्ठ्याऐंशी, कंबरेत वाकलेली पण जीभ सरळ. तिचा भाऊ ओस्वाल्ड तेलेफबरोबर एकाच जहाजावर होता. केक टेबलावर ठेवून ती म्हणाली, "खा आधी. दुःखात बायका वाळतात आणि मग पुरुष म्हणतात, बघा कशी खचली."

"मावशी, झेंड्याचं काय करू?"

"मला विचारतेस? मी शिवलं होतं ना ते कापड."

ते कापड गुन्वोरने कधी पाहिलं नव्हतं, पण गोष्ट तिला आईकडून माहीत होती. बेचाळीसच्या मार्चमध्ये 'सोलबर्ग' जहाज अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीचा पाणतीर लागून बुडालं. हेलेस्विकची आठ पोरं त्याच्यावर होती. लाकडी तराफ्यावर अकरा दिवस काढून तेलेफ एकटा वाचला. हॅलिफॅक्सच्या दवाखान्यात तीन आठवडे पडून राहिला, आणि पायांची सूज उतरल्यावर दुसऱ्या जहाजावर चढला. कुणी धरून नेलं नव्हतं. स्वतःच्या पायांनी चढला, आणि युद्ध संपेपर्यंत आणखी तीन वर्षं तेच पाणी कापत राहिला.

घरी आला तो सेहेचाळीसच्या वसंतात. सतरा मे जवळ आली होती. बोर्गनीने पांढऱ्या चादरीवर निळ्या दोऱ्याने सात नावं काढली. ती चादर दोन काठ्यांना लावून मिरवणुकीत न्यायची, एवढीच त्याची इच्छा होती. मिरवणूक समितीचा अध्यक्ष राइनर्ट नेस, शाळेचा हेडमास्तर. चौकात सगळ्यांच्या देखत त्याने हात आडवा घातला.

"काय म्हणाला होता तो, मावशी? नीट सांग. अक्षरशः."

बोर्गनीने कप खाली ठेवला. "म्हणाला, 'लढले ते डोंगरात लपून जर्मनांशी झुंजलेले आमचे मुलगे. तुम्ही जहाजावर पगारी नोकरीला होतात, तेलेफ. नोकरीवर मेलेल्यांची मिरवणूक काढत नाहीत.' एवढंच. ओरडला नाही, शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, मीच त्याच्या तोंडात मारली असती."

"आणि बाबा?"

"तुझ्या बाबाने चादर घडी केली. चार घड्या. माझ्या हातात दिली आणि म्हणाला, 'बोर्गनी, धुऊन ठेव, रस्त्याची धूळ लागलीय.' मी धुतली. तोपर्यंत बँड निघून गेला होता." ती खिडकीबाहेर बघू लागली. "चौकात दोनशे माणसं होती गं. एकानेही तोंड उघडलं नाही. सगळे मूग गिळून उभे. आणि मीही त्यांतलीच. माझाच भाऊ, माझेच टाके, आणि मी गप्प. राइनर्टवर सगळं ढकलायला सोपं आहे, तो एकटा बोलला म्हणून."

त्या शरद ऋतूत तेलेफने दुकान घेतलं. खांब आधीच्या मालकाचा होता. पुढे कितीतरी वर्षांनी राजधानीतून एक छापील पत्र आलं होतं, की युद्धातल्या खलाशांना पदक मिळेल, सोबतचा अर्ज भरून पाठवावा. तेलेफने पत्र दोनदा वाचलं. गुन्वोर तेव्हा काउंटरपाशीच होती. "भरू का बाबा मी?" तिने विचारलं होतं. तो म्हणाला, "आधी खरवडायला पाहिजे," आणि अर्जावर नवा ब्रश पुसून बघितला. पदक मिळालेल्या इतर खलाशांना मात्र त्याने एका शब्दाने दुखावलं नाही. शेजारच्या गावच्या एकाचं पदक तर स्वतः चकचकीत करून दिलं होतं.

शुक्रवारी दुपारी दुकानाची घंटी वाजली आणि नगराध्यक्ष आत आले. नगराध्यक्ष म्हणजे हालवर नेस, राइनर्टचा मुलगा. गुन्वोरच्या दोन वर्षं पुढे शाळेत होता आणि तिच्याकडून गणितं सोडवून घ्यायचा, त्यामुळे तिच्या लेखी तो नगराध्यक्ष कधी झालाच नव्हता. बोर्गनी मागच्या खोलीत कप विसळत होती.

"गुन्वोर, फार वाईट झालं," हालवर टोपी काढून म्हणाला. "गावाचा एक खांबच गेला."

"खांब आहे तिथेच आहे. बाबा गेले."

"तसं नव्हे गं. हे बघ, कमिटीने एकमताने ठरवलंय. गावातर्फे पुष्पचक्र, शवपेटीवर झेंडा, बँड, आणि मी चार शब्द बोलणार. त्यांचा युद्धातला पराक्रम, दुकान, सचोटी. सगळं लिहून आणलंय. वाचतेस?"

त्याने दोन टंकलिखित कागद काउंटरवर ठेवले. गुन्वोरने ते वाचले, सावकाश, बाप पावती वाचायचा तसे. छान लिहिलं होतं. 'गावाचा अभिमान' तीन वेळा होतं, 'सागरवीर' दोन वेळा.

"यात सेहेचाळीस साल कुठे आहे?"

हालवर टोपी हातात फिरवू लागला. "ते कशाला आता?"

"तुला माहीत आहे ना काय झालं होतं?"

"मी पाळण्यात होतो."

"तुझं वय नाही विचारलं. माहीत आहे का?"

"आमच्या घरात सगळं माहीत होतं," तो म्हणाला. "बोलायचं मात्र कुणी नाही. बाबा शेवटी शेवटी या दुकानावरून जायचं टाळायचे. रंग आणायला आईला पाठवायचे."

"आणि माझे बाबा तिला विचारायचे, 'खरवडलंत का?'"

हालवरला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "गुन्वोर, माझे वडील वारले. वीस वर्षं झाली. मेलेल्या माणसाला चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं करायचं का? तुझ्या हाताखालून गेलेलं माणूस आहे मी, मला एवढं पेचात पकडू नकोस."

"माझेही वारलेत, सोमवारी. म्हणूनच आता बोलायला हवं, दोघांनाही आता लागणार नाही." तिने कागद नीट जुळवून त्याच्यापुढे सरकवले. "रंग चांगला आहे तुझा, हालवर. पण खाली जे आहे ते न खरवडता तू त्याच्यावर दोन हात देतोयस. दोन हिवाळ्यांत पोपडे सुटतील. तुझ्या बाबांना शिव्या घाल असं मी म्हणत नाही. काय बोलले ते सांग, ते चूक होतं म्हण आणि सात नावं वाच. मग चक्र ठेव, बँड वाजव, हवं तर नाच."

"आणि नाही जमलं तर?"

"तर चक्र घरी ठेव. आणि खांब जसा बाबांनी ठेवला तसाच राहील. मंगळवारीही आणि त्याच्यापुढेही. मी आहे तोवर."

हालवरने कागद खिशात घातले. घंटी वाजवून निघून गेला. मागच्या खोलीतून बोर्गनी ओल्या हातांनीच बाहेर आली. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात," ती म्हणाली. "इथे तर सुंभसुद्धा शाबूत आहे. बापाची लेक शोभतेस." आणि ती नेहमीपेक्षा जरा घाईनेच बाहेर पडली. गुन्वोरच्या ते लक्षात आलं नाही.

मंगळवारी सकाळी गुन्वोरने पडदा सारला. धक्क्याच्या रस्त्यावर एकही झेंडा नव्हता. बेकरीवाल्या आन्सगरच्या दारात नाही, टपालमास्तरांच्या नाही, बोर्गनीच्या घरासमोरसुद्धा नाही. बाविसावा खांब रिकामा होता तो होताच, पण बाकीचे एकवीसही नुसते उभे. स्वच्छ ऊन पडलं होतं, दक्षिणेकडून चांगला वारा होता, झेंड्यासाठी याहून बरा दिवस नसता. तिने घड्याळ बघितलं. आठ वाजून गेले होते. झेंडे आठच्या ठोक्याला चढतात, आणि एकवीस घरं एकदम विसरत नाहीत.

हे हालवरचंच काम, तिला वाटलं. गावाला चटका बसला, आता गाव उलट चटका देतंय. बायकोला छळणाऱ्याला अर्धा झेंडा, उधारी बुडवणाऱ्याला अर्धा झेंडा, आणि ज्याने अकरा दिवस तराफ्यावर काढले, ज्याने या रस्त्यावरच्या प्रत्येक भिंतीवर हात फिरवून बघितलं, त्याला काहीच नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाने. तिने तोंड धुतलं, काळा पोशाख चढवला आणि बर्गनहून आलेल्या दोन्ही मुलांना म्हणाली, "रडायचं नाही. ताठ चालायचं. हे गाव बघतंय." आणि तशीच मान वर करून ती चर्चपर्यंत गेली, रस्त्यात कुणाकडे न बघता.

चर्च मात्र गच्च भरलं होतं. मागे लोक भिंतीला टेकून उभे होते. पाद्रीबाईंनी तेलेफचं आयुष्य सांगितलं, खरवडायच्या पत्र्यासकट, आणि लोक हसले. शवपेटीशेजारी हसलेलं तेलेफला आवडलं असतं. मग चक्रं ठेवायची वेळ आली. आमच्याकडे एकेक जण पुढे जातो, चक्र ठेवतो, दोन शब्द बोलतो आणि मान लववून परत येतो. खलाशी संघटनेचे दोन म्हातारे काठ्या टेकत गेले. मग घाऊक रंगवाल्यांचा माणूस गेला.

मग हालवर नेस उठला. हातात चक्र होतं, मोठं, लाल-पांढऱ्या-निळ्या फितीचं. पेटीपाशी जाऊन त्याने ते खाली ठेवलं नाही. बाजूच्या बाकावर ठेवलं आणि लोकांकडे तोंड करून उभा राहिला.

"मी भाषण लिहिलं होतं," तो म्हणाला. "ते घरी ठेवलंय. सेहेचाळीस सालच्या सतरा मेला चौकात माझ्या वडिलांनी तेलेफ ओमडालना अडवलं. म्हणाले, 'तुम्ही पगारी नोकरीला होतात. नोकरीवर मेलेल्यांची मिरवणूक काढत नाहीत.' माझे वडील चांगले शिक्षक होते. माझं त्यांच्यावर प्रेम होतं. पण हे ते चूक बोलले." त्याने पेटीकडे वळून पाहिलं. "मला वाटतं त्यांनाही ते कळलं होतं. सांगायला तेलेफच्या दुकानाच्या दारापर्यंत ते येऊ शकले नाहीत. म्हणून मी आलोय. उशीर झाला. त्याची माफी मागतो, नेस घराण्यातर्फे आणि त्या दिवशी चौकात गप्प उभ्या राहिलेल्या गावातर्फेही."

त्याने खिशातून एक चिठ्ठी काढली आणि नावं वाचायला लागला. प्रत्येक नावाला थांबत होता. दुसरं नाव ओस्वाल्डचं होतं. सहा नावं झाली. मग त्याने चिठ्ठी उलटी करून बघितली, पुन्हा सुलटी केली. कान लाल झाले.

"आणि टोबियास," मधल्या बाकावरून बोर्गनीचा खणखणीत आवाज आला. "टोबियास हेग्गे. जहाजाचा सुतार. त्याच्या घरचं कुणी उरलं नाही म्हणून कुणाच्या ध्यानात नाही."

"टोबियास हेग्गे," हालवर म्हणाला. मग चक्र उचलून त्याने पेटीपाशी ठेवलं आणि मान लववली. जागेवर परत जाताना तो गुन्वोरसमोरून गेला तेव्हा तिने हात पुढे केला. त्याने तो धरला.

सात जण आणि आठवा, तिच्या मनात आलं. आज आठही घरी आले.

मातीचा विधी झाला. पाद्रीबाईंनी तीन वेळा माती टाकली. शेवटचं भजन संपतं न संपतं तोच लोक भराभर फाटकाबाहेर पडायला लागले. एरवी आमच्याकडे कबरीपाशी घुटमळतात, एकमेकांच्या बाही धरतात. आज म्हाताऱ्या बायकासुद्धा लगबगीने उतारावरून निघाल्या. प्रार्थनाघरात कोळंबीचे पाव आणि कॉफी मांडली होती. भूक लागली असेल, गुन्वोर मनात म्हणाली, आणि तिला जरा वाईट वाटलं. सकाळच्या रिकाम्या खांबांचं शल्य अजून गेलं नव्हतं. हालवर बोलला, चांगलं बोलला. पण बाकीच्या वीस घरांचं काय?

मुलांना पुढे पाठवून ती एकटी धक्क्याच्या रस्त्याने घराकडे वळली. शब्द दिला होता. हालवरने त्याचं काम केलं होतं, आता तिला तिचं करायचं होतं. कोपरा ओलांडला आणि ती जागीच थांबली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक खांबाखाली माणसं उभी होती, काळ्या कपड्यांत, हातात घडी घातलेला झेंडा, दोरी सोडून तयार. टपालमास्तर होते. हालवर त्याच्या दारात होता, अजून लाल. आन्सगर बेकरीवाला ऐंशी किलोचं अंग सावरत धापा टाकत होता, कारण तो कबरीपासून पळत आला होता.

"हे काय आहे?" गुन्वोरने विचारलं.

"काय म्हणजे?" आन्सगर म्हणाला. "तुझी वाट बघतोय. कधीपासून. माझे पाव तिकडे वाळतायत."

"सकाळी कुठे होतात? सकाळी एक झेंडा नव्हता रस्त्यात!"

"नव्हता. तुमच्या खांबावर होता का?" आन्सगरने कपाळ पुसलं. "मावशी रविवारी चर्चबाहेर सगळ्यांना धरून बोलली, की तेलेफचा खांब रिकामा असताना तुम्ही कोणत्या तोंडाने चढवणार? सत्तावन्न वर्षं तो एकटा रिकामा उभा होता, एक सकाळ आपणही राहू. पटलं. माझी बायको तर म्हणाली, हालवर बोलला नाही तर उद्याही नाही चढवायचा, आणि सतरा मेलाही नाही."

गुन्वोरने बोर्गनीकडे पाहिलं. म्हातारी स्वतःच्या खांबाला टेकून उभी होती, अगदी निरागस चेहऱ्याने.

"मला सांगायचं तरी, मावशी! मी सकाळपासून या सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घालतेय!"

"घाल की. सत्तावन्न वर्षांच्या साठल्यात. आता उभी काय राहिलीस, झेंडा आण!"

तेव्हा गुन्वोरच्या लक्षात आलं, की सगळ्या गावाला झेंडे पुरवणाऱ्या घरात स्वतःचा झेंडाच नाही. तिने दुकान उघडलं. फळीवरून खांबाच्या मापाचा एक घेतला, प्लास्टिकचं वेष्टन दातांनीच फाडलं आणि बाहेर आली. कोरा करकरीत, घड्यांच्या रेघा उमटलेला. बोर्गनी काठी टाकून रस्ता ओलांडून आली आणि तिने झेंडा दोन्ही हातांवर धरला, जमिनीला लागू नये म्हणून. गुन्वोरने गाठ मारली. गाठ चुकली नाही, ती शिकवणाराच तसा होता.

"अर्ध्यावर का गं?" टपालमास्तरांच्या बायकोने पलीकडून विचारलं. "म्हणजे आज सकाळी कुणी अर्ध्यावर ठेवलाच नाही, तर आता आधी..."

गुन्वोरने वर बघितलं. माती झाली होती. रिवाजाप्रमाणे आता टोकाचीच वेळ होती. आणि रिवाज नसता तरी तिने दुसरं काही केलं नसतं. हा माझा बाप, तिला त्या सगळ्या रस्त्याला सांगायचं होतं. अकरा दिवस तराफ्यावर राहिला आणि पुन्हा जहाजावर गेला. एका पदकासाठी एक ओळ लिहिली नाही. तुमची घरं पांढरी आहेत ती त्याच्यामुळे, आणि आज तुम्ही इथे उभे आहात तेही त्याच्यामुळे.

एवढं सगळं काही तिच्या तोंडून निघालं नाही. तिने दोरी दोन्ही मुठींत धरली आणि चर्चच्या मनोऱ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "बघताय काय? ओढा!"

आणि धक्क्याच्या रस्त्यावरचे बावीस झेंडे अर्ध्यावर कुठेही न थांबता एका दमात टोकाला गेले.